प्राणदंड

"थांबला! बघा, बघा, हात थांबला!"

मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल खुर्च्यांवरून उठून उभा राहिला. फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल एरवी वाढदिवस आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभांसाठी भाड्याने मिळायचा. त्या सकाळी मात्र खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते, भिंतींना टेकले होते, जिन्यात एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावत होते. कुणाची मान हलत होती, कुणाची बोटं, कुणाचा अख्खा हात. आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या टेबलावर खिळले होते.

टेबल जांभळ्या मखमलीने पार जमिनीपर्यंत झाकलं होतं. मखमलीला मधोमध भोक पाडून त्यातून एक काळा दांडा वर आला होता, मुठीएवढा जाड, बोटं बसतील असा वळणदार. विणकामाचे वर्ग घेणाऱ्या बाईंच्या नवऱ्याने तो घट्ट धरला होता. आधी दांडा त्यांच्या हातासकट असा थडथडला की टेबलावरचं फुलपात्रही हललं. मग थरथर उतरत गेली आणि विरली. हात दगडासारखा स्थिर. विणकामवाल्या बाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या हमसून रडायला लागल्या.

टेबलामागे गुरुजी बसले होते. पांढरा सदरा, कापलेली दाढी, कानाला अडकवलेला माइक.

"याला दांडा म्हणू नका," ते म्हणाले. "हा प्राणदंड! प्राणाचा दंड. तुमच्या देहात दूषित स्पंदन साचलेलं असतं. हा ते आधी बाहेर खेचतो. खेचताना थरथर वाढते, घाबरायचं नाही. मग तो ते गिळतो. यात चमत्कार काहीही नाही बरं का! शुद्ध विज्ञान आहे. क्वांटम! मोठमोठ्या प्रयोगशाळांना हे ठाऊक आहे, पण औषधवाले बोलू देतील तर ना!"

कुठल्याही शब्दकोशात प्राणदंड या शब्दाचा अर्थ देहान्ताची शिक्षा असा सापडेल. पण तिथे शब्दकोश उघडायला कोण बसलं होतं?

गुरुजींनी लाकडी पट्टी घेऊन दांड्याच्या टोकावर टकटक केलं. दांडा ढिम्म. "पाहिलंत? निर्जीवाला हा ओळखतच नाही. याला जिवंत तळवा लागतो." मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका धडधाकट पोस्टमनला बोलावलं. त्याला काहीच होत नव्हतं. तो आईला सोबत म्हणून आला होता. त्याने मूठ आवळली मात्र, दांडा थडथड हलायला लागला.

"काही त्रास नाही म्हणालात ना?" गुरुजींनी भुवया उंचावल्या. "आत दबा धरून बसलाय. बरं झालं, वेळेवर आलात."

पोस्टमन पांढराफटक पडला. आईला सोबत म्हणून आलेला माणूस स्वतःचं नाव नोंदवून गेला.

मी हे सगळं उभ्याने पाहत होते, कारण माझी खुर्ची मी अप्पांच्या काठीला आणि पिशवीला दिली होती. अप्पा माझे वडील. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आमच्या भागात अजूनही दहा पावलं चाललं की त्यांचं एखादं अक्षर भेटतं: चपलांच्या दुकानाचं, दवाखान्याचं, बंद पडलेल्या छापखान्याचं. पेन्सिलीची रेघ न आखता ते गोलाई काढायचे. त्याच उजव्या हाताला कंपवाताने धरलं. चहाचा कप बशीत वाजायला लागला, शर्टाची बटणं मला लावावी लागायला लागली, आणि एके दिवशी त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन शेजारच्या मुलांना देऊन टाकले. आई गेली तेव्हाही ते इतके गप्प झाले नव्हते.

मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी बराच फरक पडला होता. चालणं सुधारलं, बोलणं स्वच्छ झालं. पण हाताची थरथर पूर्ण गेली नव्हती, आणि अप्पांना फक्त हातच दिसत होता.

त्यांचा नंबर आला. मी त्यांना टेबलापर्यंत नेलं. दांडा आधी थरथरला, मग शांत झाला. अप्पा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मुठीच्या मागच्या शिरा, नखांच्या कडेला कायमचा बसलेला निळा रंग, काही म्हणता काही हलत नव्हतं. त्यांचे ओठ मात्र हलत होते.

गुरुजी माइक झाकून हळूच म्हणाले, "गोळ्या चालू आहेत का? हं. गोळ्या स्पंदन आतच कोंडतात. बघा बुवा, मी बंद करा म्हणणार नाही. तुम्ही सुज्ञ आहात."

ही या धंद्यातली खरी हुशारी. आपल्या तोंडाने काही बोलायचं नाही आणि समोरच्याकडून सगळं करून घ्यायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या टेबलाजवळ उभी असताना मला तीन गोष्टी खटकल्या. मखमलीखालून बारीक घूंऽ असा आवाज येत होता. दांड्याच्या मुठीवर जिथे बोट सहज पोचेल अशा जागी काहीतरी कापून घासलं होतं आणि वर काळी पट्टी चिकटवली होती. आणि गुरुजी दोन तासांत एकदाही खुर्चीवरून उठले नव्हते. येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात द्यायलासुद्धा नाही.

तसा दांडा मी पाहिला होता. माझ्या भावाच्या खोलीत.

माझ्या धाकट्या भावाला घरात, गल्लीत, सगळीकडे 'पायलट' म्हणतात. त्याला वैमानिक व्हायचं होतं. डोळ्यांनी दगा दिला. मग त्याने विमान खोलीत आणलं. तीन पडदे, जुन्या गाडीचं सीट, पायाखाली पेडल्स आणि हातात जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, बोटापाशी गोळी झाडायचा खटका असलेला. पुढे तेच त्याचं काम झालं: हौशी लोकांना आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना अशी यंत्रणा बसवून द्यायची, जुळवून द्यायची. त्यातही त्याचा हात बसला होता तो फोर्स फीडबॅक जॉयस्टिकमध्ये. साध्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते; हिच्या पोटात मोटर असते. पडद्यावरचं विमान वळलं की दांडा हातात जड होतो, ढगात शिरलं की हिसके देतो. खऱ्या विमानासारखं हाताला जाणवतं.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो एका सुट्या जॉयस्टिकचे स्क्रू काढत बसला होता.

"पायलट, त्या हॉलमधल्या गुरुजींकडे तुझ्यासारखी जॉयस्टिक आहे."

"असेल," तो मान वर न करता म्हणाला. "दांडे काय ग ताई, सगळे सारखेच दिसतात."

"पोटात मोटर आहे तिच्या. मी आवाज ऐकला."

"पंख्याचा असेल."

"हॉलमध्ये पंखे बंद होते."

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "अप्पा काय म्हणाले?"

"रडले. घरी येईपर्यंत हात उलटासुलटा करून बघत होते. दाराशी पोचेपर्यंत थरथर परत सुरू झाली होती, तरी मला म्हणाले, आधीपेक्षा कमी आहे की नाही?"

"मग राहू दे ना," तो म्हणाला. "किती दिवसांनी माणूस बरा दिसतोय. तू प्रत्येक गोष्टीत प्रयोगवही काढू नकोस."

मी चिडून उठून आले. घरी अप्पांशीही बोलून पाहिलं.

"अप्पा, ती मोटर आहे. हात सोडला की थरथर परत येते, हे तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय," अप्पा म्हणाले. "पण जोवर धरलेलं असतं तोवर हात माझा असतो. तेवढं तुझ्या डॉक्टरीणबाईंनी दिलंय का कधी?"

ते दर बैठकीला जात राहिले. गोळ्या मी रोज काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि ते माझ्यासमोर पाण्याचा घोट घ्यायचे. गोळ्या जिभेखाली राहत होत्या आणि नंतर बाल्कनीतल्या कुंडीत जात होत्या, हे मला कुंडीतली माती उकरल्यावर कळलं. पण माती उकरायची वेळ आली तेव्हा उशीर झाला होता.

आधी ते सावकाश झाले. मग ताठ. खुर्चीतून उठताना अंगात लाकूड भरल्यासारखे दिसायचे. घास घशात अडकायला लागला. मला वाटलं आजार वाढतोय, मी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी अप्पा न्हाणीघरात पडले. मी शाळेत होते. शेजाऱ्यांनी दार तोडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि ते किती वेळ ओल्या फरशीवर पडून होते हे त्यांना सांगता आलं नाही. जबडाच इतका आवळला होता.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात कोपरातून वाकवून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या.

"गोळ्या कधी सोडल्या?"

"सोडल्या नाहीत. मी रोज देते."

"तुम्ही देत असाल. ते घेत नव्हते." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "या गोळ्या अशा अचानक बंद करायच्या नसतात. शरीर आखडतं, ताप येतो, जिवावर बेततं. यांचं बेतता बेतता राहिलंय. गोळ्या पुन्हा सुरू करू, खुब्याची शस्त्रक्रिया होईल. पण आधी जेवढं चालत होते तेवढं आता चालतील, असं मी सांगणार नाही."

मी त्यांना प्राणदंडाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात कामात गुंतला, काही पकडलं, की हा कंप पुष्कळदा आपोआपच कमी होतो. मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. त्यात त्या यंत्राने आणखी आवरून धरला असेल. बरं होणं निराळं, आवरून धरणं निराळं."

पायलट बाहेर जिन्यात बसला होता. मी शेजारी बसले. त्याने स्वतःहूनच सुरुवात केली.

"ताई, ती मी बसवलीय."

मी त्याच्याकडे वळले.

"मला व्यायामाचं यंत्र म्हणून सांगितलं होतं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना सराव द्यायचाय, थरथर कमी-जास्त करता आली पाहिजे, हात मोकळे हवेत म्हणून पायाने चालवता आली पाहिजे. मला वाटलं, चांगलंच काम आहे. नीट जुळवून दिली. मग अप्पांनी पहिल्या बैठकीहून गुरुजींचं पत्रक आणलं, त्यावर त्या दांड्याचा फोटो. मी गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, 'तुझ्या वडिलांना विचार, त्यांना किती बरं वाटतंय. तू सांगून टाक हवं तर. घे त्यांच्या तोंडचं हसू काढून.'"

"आणि तू गप्प बसलास."

"अप्पा हसत होते ग."

"मी विचारलं तेव्हाही गप्प बसलास."

त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. मी म्हणाले, "पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. तू येऊन सगळ्यांसमोर सांग."

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "लोक मला फाडून खातील."

बैठकीच्या दिवशी गर्दी आणखी वाढली होती. मी पिशवीत भांडी पुसायचा एक जाड फडका, तळव्यासारखा दमट असावा म्हणून ओला करून, नेला होता. माझा नंबर आल्यावर मी दांड्याला हात न लावता म्हणाले, "गुरुजी, एक विनंती आहे. तुम्ही जरा उभे राहा."

"का हो बाई?"

"प्राणदंड लोकांचं स्पंदन खेचतो ना? मग तुम्ही तिकडे खिडकीपाशी उभे राहा. त्याने तिथूनही खेचलं पाहिजे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. गुरुजी हसले. "आसन सोडलं की साखळी तुटते. विजेच्या तारेतला एक तुकडा काढलात तर दिवा लागेल का? तुम्ही शिक्षिका ना? मग एवढं माहीत हवं!"

लोक हसले. मी फडका काढला आणि मुठीभोवती घट्ट गुंडाळला. "बरं, तुम्ही बसा. पण निर्जीवाला हा ओळखत नाही म्हणता. या फडक्याला ओळखतो का बघू."

दांडा जागचा हलला नाही. गुरुजींनी दोन्ही तळवे वर करून लोकांना दाखवले. "आता फडक्यालाही कंपवात व्हावा अशी बाईंची इच्छा आहे!"

हॉल खदखदून हसला. विणकामवाल्या बाई उठल्या. "अहो, तुम्हाला विश्वास नसेल तर घरी बसा. आमचं का बिघडवता?" कुणीतरी माझा दंड धरला. मला फक्त मखमल उचलायची होती, पण टेबलापुढे चार बाप्ये येऊन उभे राहिले होते आणि मला मागे ढकलायला सुरुवात झाली होती. मी घरी जावं, एवढंच या सगळ्यांना हवं होतं.

"तिला सोडा!"

पायलट दारात उभा होता. कुणाला काही कळायच्या आत तो खुर्च्यांमधून वाट काढत आला, वाकला, आणि त्याने मखमल दोन्ही हातांनी धरून सर्रकन ओढली; ती भोकापाशी फाटून हातात आली. फुलपात्र कोसळलं, टेबल उघडं पडलं. खाली एक लॅपटॉप, वायरींचं भेंडोळं, आणि दोन काळी पेडल्स. पेडल्सवर गुरुजींची पावलं होती. चपला काढून, पायमोजे घालून, आवाज होऊ नये म्हणून.

गुरुजींनी पाय मागे घेतले, पण ते सगळ्यांनी पाहिलं.

"हे यंत्र मी बसवलंय," पायलट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "विमान चालवायच्या खेळाची जॉयस्टिक आहे ही. उठा तुम्ही."

गुरुजी उठले. पायलट त्यांच्या खुर्चीत बसला आणि त्याने डावं पेडल दाबलं. दांडा थडथडला. मुठीला गुंडाळलेला माझा ओला फडका, ज्याच्यावर हॉल नुकताच हसला होता, सगळ्यांदेखत लटलट कापायला लागला.

"मुठीत एक फट आहे," पायलट सांगत होता. "फटीत न दिसणारा उजेड असतो. तो अडला की यंत्राला कळतं की कुणीतरी धरलंय, मगच मोटरमध्ये जोर येतो. तळवा असो, फडका असो, त्याला सारखंच. लाकडी पट्टी टोकाला लावली तर फट झाकली जात नाही, म्हणून तो तेव्हा हलत नव्हता. एवढंच आहे ते जिवंत तळव्याचं."

"आणि मगाशी का नाही हलला?" पोस्टमनने विचारलं.

"मगाशी पाय यांचा होता," मी म्हणाले. "फडका बरा करून यांना काय मिळणार होतं?"

पायलटने उजवं पेडल दाबलं आणि पोस्टमनला दांडा धरायला लावला. "हलवा जोरात. बघा, हलतोय का?"

"जड झालाय," पोस्टमन म्हणाला. "घट्ट काकवीत चमचा फिरवल्यासारखा."

"तेच. सावकाश नेला तर जातो, झटके देऊ पाहिलं तर मोटर आडवी येते. म्हणून हात थरथरू शकत नाही. सोडलात की संपलं."

एवढ्यावर सगळ्यांचे डोळे उघडले असते तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "तो गुरुजींच्या आसनावर बसलाय ना, म्हणून चाललं! आसनाचा प्रभाव आहे!" आणि खरोखरच काही माना डोलल्या.

पायलटने लॅपटॉप वर घेतला आणि पडदा लोकांकडे फिरवला. त्याने विमानाचा खेळ सुरू केला. निळं आभाळ, खाली शेतांचे चौकोन, एक छोटं पांढरं विमान. त्याने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली, ती सगळ्यांना दाखवली, आणि फक्त दांडा मागे ओढला. विमानाचं नाक वर गेलं. वेग कमी झाला. आणि दांडा आपोआप थरथरायला लागला. तीच थडथड, तोच आवाज.

"नाक फार वर केलं की पंखांवरची हवा सुटते," तो म्हणाला. "विमान पडायच्या बेतात असतं. ते वैमानिकाच्या हाताला कळावं म्हणून ही थरथर असते. मी तीच यांच्या पेडलला जोडून दिली. तुम्ही ज्याला तुमचा रोग समजत होता, ती पडणाऱ्या विमानाची थरथर आहे. तीही खोट्या विमानाची."

पोस्टमन दांड्याकडे बघत होता. पडद्यावरचं विमान डुलकी घेतल्यासारखं कलंडलं आणि खाली शेतांकडे जायला लागलं. कुणीही त्याला सावरलं नाही.

"माझे वडील इस्पितळात आहेत," मी म्हणाले. "यांच्या सांगण्यावरून त्यांनी गोळ्या सोडल्या. तुमच्यापैकी कुणी सोडल्या असतील तर आज, आत्ता, डॉक्टरांकडे जा."

"मी कुणालाही गोळ्या बंद करा म्हटलेलं नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "इथे कुणीही सांगावं, म्हटलंय का मी?"

कुणीही बोललं नाही. कारण ते खरंच होतं. तसे शब्द त्यांनी कधीच उच्चारले नव्हते.

तेवढ्यात विणकामवाल्या बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, त्या माफी मागणार किंवा शिव्या देणार. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, ते मोटरचं वगैरे कळलं मला. मी काही वेडी नाही. पण हात थांबतो तर खरा ना? मग तुम्हीच बसा ना तिथे. तुम्ही दाबा ते पायाखालचं. आठवड्यातून एकदा. यांनी दांडा धरलाय तोवर मी त्या हातावर हात ठेवते आणि तो हलत नाही, एवढंच मला हवंय हो."

त्यांच्या मागे आणखी चौघेजण येऊन उभे राहिले होते. रांगेत. रिकाम्या खुर्चीकडे बघत.

मी त्या खुर्चीवर बसले नाही. पण अजूनही मला चार लोकांत बोलताना ती रांग दिसते. एक माणूस फसवून जातो तेव्हा मागे खुर्ची रिकामी राहते, आणि लोक तिच्यात बसायला कुणीतरी शोधत असतात. शोधणाऱ्यांचं दुःख खोटं नसतं. म्हणूनच त्यांना फसवणं इतकं सोपं असतं.

गुरुजी या गोंधळात मागच्या जिन्याने निघून गेले. त्यांची बॅग दोघांनी खाली पोचवली. आम्ही पोलिसांकडे तक्रार दिली. जबाब द्यायला फक्त पोस्टमन आला. बाकीच्यांना घरात लग्नकार्य होतं, तब्येत बरी नव्हती, गुरुजींचं वाईट चिंतायचं नव्हतं. पुढे ऐकलं की दुसऱ्या एका शहरात त्यांनी बैठका सुरू केल्या. मखमल आता हिरवी आहे म्हणे.

पायलटला गल्लीत कुणी फाडून खाल्लं नाही. लोक त्याला नुसतं टाळायला लागले. ज्यांना गुरुजी हवे होते त्यांनीही, आणि ज्यांना नको होते त्यांनीही.

अप्पा वॉकर घेऊन घरी आले. गोळ्या आता स्वतः मागून घेतात. जबडा सुटला, बोलणं परतलं. चालणं पलंगापासून खिडकीपर्यंतच परतलं. सगळं कळल्यावर ते पायलटशी बोलेनासे झाले. तो यायचा, दारातल्या खुर्चीवर बसायचा, आणि उठून जायचा.

एका दुपारी तो एक जॉयस्टिक घेऊन आला. त्याने ती अप्पांच्या टेबलावर ठेवली, तळाला रबरी चकत्या लावून घट्ट बसवली. उघडीच, कापड नाही, काही नाही. आणि मी त्याला इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तितक्या सावकाश त्याने एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली.

"ही वायर काढली की बघा, अप्पा. मान टाकते. आत जीव नाहीच, मोटर आहे. आता वायर लावली. आधी दांडा असा चारी बाजूंना पुरता फिरवायचा, म्हणजे तिला तिच्या कडा कळतात. मग मध्य ठरवायचा. हा आकडा वाढवला की ती मध्याकडे जास्त ओढते. हा थरथरीचा, तो मी शून्यावर ठेवलाय. आणि हा जडपणाचा. थोडाथोडा वाढवतो. फार केला तर हात दुखेल. धरा."

अप्पांनी धरला. हात थांबला. त्यांनी सोडला. हात हलायला लागला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. कितीतरी वेळ ते तेवढंच करत होते. रडले नाहीत, हसले नाहीत. पूर्वी पाटीवरचा रंग सुकलाय का नाही हे बोटाने बघायचे, तसे बघत होते.

मग कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा ते पायलटशी बोलले.

"हे असंच उघडं करून मला तेव्हा दाखवलं असतंस, तर मी गोळ्या टाकल्या असत्या का रे?"

अप्पांनी त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी डाव्या हाताने वॉकर जवळ ओढला आणि ते सावकाश खिडकीकडे वळले.

हे वाचणाऱ्यांच्या घरातही कुणी आजारी असेल, म्हणून सांगते. मी तुमच्या श्रद्धेशी भांडायला बसलेली नाही. कुणी तुम्हाला गुणकारी म्हणून काही दाखवलं, तर आधी त्या माणसाला उठून बाजूला उभं राहायला सांगा. टेबलावरचं कापड उचलायला सांगा. हात काढून घेतल्यावर आपल्याजवळ काय उरतं ते बघा. जो या साध्या मागण्यांवर चिडेल, त्याच्याकडे परत जाऊ नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि तुम्हाला स्वतःला आतली गोष्ट ठाऊक असेल, तर घरातलं कुणी हसतंय म्हणून ती दडवून ठेवू नका. सांगा. त्याच दिवशी सांगा.